कर्मशाळेची किल्ली

अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात व्याख्यानगृहे असतात, ग्रंथालय असते, प्रयोगशाळा असतात. परंतु ज्या दालनाच्या किल्लीविषयी सर्वांत अधिक विचार करावा लागतो ते दालन म्हणजे कर्मशाळा, आपण रोजच्या बोलण्यात ज्याला वर्कशॉप म्हणतो ते. ग्रंथालयात विद्यार्थ्याने नको ते पुस्तक काढले, तर फार तर त्याची एक संध्याकाळ वाया जाते. कर्मशाळेत त्याने नको त्या वेळी एक खटका दाबला, तर बोट जाते, हात जातो, प्रसंगी प्राणही जातो. आणि तरीही त्या दालनात गेल्यावाचून, तेथील तेल आणि लोखंडाचा कीस हाताला लागल्यावाचून कोणी खरा अभियंता होत नाही. ज्याने लेथवर स्वतः कधी एक दांडा कातला नाही, त्याने काढलेला आराखडा कागदावर कितीही सुबक दिसला, तरी कारखान्यातला मिस्त्री तो पाहून मान हलवतो.

श्रोतेहो, विद्यार्थ्याला यंत्रापाशी केव्हा जाऊ द्यावे, कोणत्या अटीवर जाऊ द्यावे आणि तो तेथे असताना त्याच्याजवळ कोणी उभे राहावे, हा प्रश्न वरवर पाहता कचेरीतल्या नियमांचा वाटतो. वस्तुतः त्याला दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. त्या इतिहासाकडे पाहिले म्हणजे असे दिसते की, या प्रश्नाला मुख्यतः दोन उत्तरे दिली गेली. एक असे की, विद्यार्थ्याला आधी नीट शिकवावे आणि मग यंत्रावर सोडावे. दुसरे असे की, त्याला यंत्रावर खुशाल जाऊ द्यावे, परंतु जाणत्या माणसाच्या नजरेखाली. शिक्षण आणि देखरेख अशी ही दोन उत्तरे आहेत. या दोहोंपैकी एक असले म्हणजे दुसऱ्यावाचून भागते, अशी समजूत पुढे पुढे कशी रूढ झाली आणि तिची किंमत काय पडली, हेच मला आज सांगावयाचे आहे.

यंत्रे येण्यापूर्वी हा प्रश्न उद्भवतच नव्हता. लोहाराचा मुलगा आधी भात्यापाशी बसे; मग सांडशी धरावयास शिके; घण उचलण्याची पाळी त्याच्यावर फार उशिरा येई. सुताराच्या मुलाच्या हाती वाकस येण्यापूर्वी त्याने पुष्कळ दिवस नुसत्या फळ्या धरलेल्या असत. त्या ठिकाणी बाप हाच शिक्षक होता आणि बाप हाच राखणदार होता. मुलाला काय येते हे बापाला ठाऊक असे, आणि मूल चुकू लागले तर त्याचा हात धरावयास बाप दोन हातांवरच असे. युरोपातल्या कारागिरांच्या उमेदवारीतही उस्ताद आणि उमेदवार यांचे नाते असेच होते. शिक्षण आणि देखरेख ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या ठायी एकवटलेली होती, त्यामुळे ती दोन वेगळी कामे आहेत हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

वाफेच्या यंत्राने ही जोडी फोडली. कारखान्यात मुले आली, पण त्यांच्याजवळ त्यांचा उस्ताद आला नाही. इंग्लंडमधल्या कापडगिरण्यांत फिरत्या यंत्रांखाली सरपटत जाऊन सफाई करणाऱ्या मुलांची दुर्दशा इतकी वाढली की, १८४४ साली ब्रिटिश पार्लमेंटाला कायदा करून यंत्राच्या धोक्याच्या भागांना कठडे घालण्याची सक्ती करावी लागली आणि चालू यंत्रसामग्रीची सफाई मुलांकडून करवून घेण्यास मनाई करावी लागली. यंत्राभोवती कुंपण घालण्याची कल्पना कायद्यात आली ती अशी. मात्र ती गिरणीतल्या मजुरासाठी होती. विद्यापीठाच्या छपराखाली यंत्र येईल आणि त्यापुढे विद्यार्थी उभा राहील, ही गोष्ट त्या वेळी फारशी कोणाच्या स्वप्नात नव्हती.

ती गोष्ट पुढच्या पाव शतकात घडून आली, आणि १८६८ हे साल त्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टर या गावी नव्या तंत्रसंस्थेची वॉशबर्न कर्मशाळा सुरू झाली, आणि त्याच साली मॉस्को येथील तंत्रविद्यालयाला इंपीरियल टेक्निकल स्कूल असा उच्च दर्जा मिळाला. दोन्ही ठिकाणी विद्यार्थ्यांना यंत्रापाशी नेले गेले, पण दोन वेगळ्या वाटांनी. वूस्टरची कर्मशाळा म्हणजे खराखुरा कारखाना होता. पगारी, कसबी कारागीर तेथे बाजारात विकावयाचा माल तयार करीत आणि विद्यार्थी त्यांच्या शेजारी उभे राहून काम करीत. पाहून शिकावे आणि चुकताना कोणी तरी पाहावे, अशी ही रीत होती. जुन्या उमेदवारीचीच ती सुधारलेली आवृत्ती म्हणता येईल.

मॉस्कोत व्हिक्टर देला-वोस या संचालकांनी वेगळा विचार केला. शिकणारे पुष्कळ आणि शिकवणारे थोडे, ही त्यांची अडचण होती. तिच्यावर त्यांनी काढलेला तोडगा मोठा शिस्तबद्ध होता. त्यांनी कर्मशाळेचे दोन भाग केले. पहिला भाग केवळ शिकण्याचा, आणि दुसरा प्रत्यक्ष यंत्रे बांधण्याचा. सुतारकाम, कातकाम, जोडकाम, लोहारकाम अशा प्रत्येक कसबासाठी शिकण्याच्या भागात स्वतंत्र जागा ठेवली. प्रत्येक विद्यार्थ्याला त्याची ठरलेली जागा आणि त्याची हत्यारे दिली. मग प्रत्येक कसबाचे तुकडे पाडून सोप्याकडून अवघडाकडे जाणारे धडे बांधले. एक धडा पुरा झाल्यावाचून पुढचा नाही, आणि शिकण्याच्या शाळेतले धडे संपल्यावाचून बांधणीच्या कारखान्यात पाऊल टाकावयाचे नाही. अमुक यंत्रावर जाण्याचा अधिकार हा वयाने, फीने अगर वशिल्याने मिळत नाही, तो पायरीपायरीने कमवावा लागतो, हे तत्त्व येथे इतक्या स्पष्टपणे मांडले गेले.

या पद्धतीचे नमुने १८७३ साली व्हिएन्नाच्या आणि १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात मांडण्यात आले. फिलाडेल्फियात ते जॉन रंकल यांच्या दृष्टीस पडले. रंकल हे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेचे त्या वेळचे अध्यक्ष. विद्यार्थ्यांना कारागिरी कशी शिकवावी, या चिंतेत असलेल्या रंकल यांना त्या लाकडी आणि लोखंडी नमुन्यांत आपल्या प्रश्नाचे उत्तर सापडले, आणि त्याच वर्षी त्यांच्या संस्थेत या धर्तीची कर्मशाळा व तिला जोडून एक शाळा निघाली. रशियन पद्धत या नावाने ती पुढे अनेक देशांत पसरली. आपल्याकडे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला असलेला विद्यार्थी आजही लोखंडाचा एक तुकडा कानशीने घासून काटकोनात आणतो आणि गुण्याने तपासतो. तो तुकडा पुढे कोठेही बसावयाचा नसतो. तो नुसता धडा असतो. त्या धड्याचे मूळ मॉस्कोत आहे, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नसते.

कर्मशाळेचे दार आतून उघडण्याची ही खटपट चालू असता काही विद्यापीठे ते दार मुळात बांधावयासच तयार नव्हती, हेही सांगितले पाहिजे. केंब्रिज विद्यापीठात १८७५ साली जेम्स स्टुअर्ट यांची यंत्रशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. त्यांनी लाकडी झोपडीवजा जागेत कर्मशाळा थाटली आणि पुष्कळशी सामग्री पदरमोड करून आणली. परंतु हातोडी आणि भट्टी यांचा विद्यापीठाच्या प्रतिष्ठेशी काय संबंध, असे मानणारी मंडळी तेथे थोडी नव्हती. स्टुअर्ट यांना अखेर जागा सोडावी लागली आणि १८९० साली त्यांच्या पदावर आल्फ्रेड ईविंग आले. दार बंद ठेवण्याची कारणे नेहमीच सुरक्षिततेची असतात असे नाही. पुष्कळदा ती प्रतिष्ठेची, जातीची, वर्गाची अगर लिंगाची असतात, आणि सुरक्षिततेचे नाव त्यांना मागाहून देण्यात येते.

आता आपल्या मुलुखाकडे वळू. पुण्यात १८५४ साली सार्वजनिक बांधकामाच्या कामगिरीवर हाताखालचे अंमलदार तयार करण्यासाठी एक वर्ग निघाला. त्याचे नाव पूना इंजिनियरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे हे मूळ. मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था स्थापन झाली; तिचे नाव आता वीरमाता जिजाबाईंचे आहे. आणि बडोद्यात १८९० साली महाराज सयाजीराव गायकवाड यांनी प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्या हस्ते कलाभवन उभे केले. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम असे विषय तेथे शिकवले जात. दादासाहेब फाळके हे त्याच कलाभवनाचे विद्यार्थी. १९४९ साली बडोद्याचे विद्यापीठ स्थापन झाल्यावर कलाभवन त्याच्या तंत्रशाखेत सामावले गेले. बडोदेकर वाचकांना ती वास्तू नव्याने सांगावयास नको.

यांपैकी मुंबईच्या संस्थेतली एक हकीकत येथे विशेष बोलकी आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर येथे जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकण्यासाठी मुंबईस गेले. परंतु डोळ्यांना रंगांचा भेद नीट कळत नाही असे आढळून आल्याने त्यांना चित्रकला सोडावी लागली. पुढे ते व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत यांत्रिक रेखनाचे शिक्षक झाले. त्यांचे काम कागदावर रेघा ओढण्याचे. परंतु फावल्या वेळात ते संस्थेच्या कर्मशाळेत जात आणि तेथल्या यंत्रांवर काम करीत. यंत्रविद्येची मुळाक्षरे त्यांनी तेथे गिरवली. पुढे बेळगावात सायकलींचे दुकान, मग नांगरांचा कारखाना आणि १९१० साली किर्लोस्करवाडी, हा सारा विस्तार आपल्याला माहीत आहे. रेखनाच्या शिक्षकाचे कर्मशाळेत काय काम, असे म्हणून त्या वेळी कोणी दाराला कडी घातली असती, तर महाराष्ट्राच्या उद्योगाचा इतिहास कदाचित वेगळा झाला असता. दार उघडे असण्याचे मोल काय, हे या एका उदाहरणावरून कळते. म्हणून कर्मशाळेतल्या शिस्तीविषयी बोलताना केवळ कुलपाची महती गाणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत तर ही कडी पुष्कळ काळ घातलेलीच होती. मद्रासजवळच्या गिंडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयाने १९४० साली ए. ललिता यांना प्रवेश दिला. १९४३ साली त्या विद्युत् अभियांत्रिकीच्या पदवीधर झाल्या आणि त्यांनी जमालपूरच्या रेल्वे कर्मशाळेत एक वर्ष उमेदवारीही केली. भारतातल्या पहिल्या स्त्री अभियंत्या म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. यंत्राला स्त्री आणि पुरुष हा भेद कळत नाही. त्याला फक्त मोकळे केस, सैल बाही आणि बेसावध बोट एवढेच कळते, आणि ती कोणाचीही असू शकतात.

हा धोका जुन्या कर्मशाळेत होताच, मग पुढे तो वेगळ्या रूपाने का भेडसावू लागला? याचे उत्तर विजेच्या मोटारीत आहे, आणि या इतिहासातली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची घडामोड तीच आहे. जुन्या कर्मशाळेत छताखालून एक लांब लोखंडी दांडा फिरत असे. त्याला शाफ्ट म्हणत. एका टोकाला असलेल्या वाफेच्या इंजिनाने तो दांडा फिरे, आणि त्यावरच्या कप्प्यांवरून चामड्याचे पट्टे खाली उतरून एकेका यंत्राला गती देत. ही व्यवस्था धोक्याची होती. उघड्या पट्ट्यांनी अनेकांचे हात ओढून नेले. परंतु तिच्यात न ठरवता एक शिस्त आपोआप आली होती. सकाळी भट्टी पेटवून बॉयलरमध्ये वाफ धरल्यावाचून एकही लेथ फिरू शकत नसे. संध्याकाळी इंजिन थांबले की सारी कर्मशाळा एकदम थांबे. रात्री एकट्याने येऊन काम करावे असे कोणा विद्यार्थ्याच्या मनात आले, तरी त्याच्या एकट्यासाठी इंजिन कोण पेटवणार? यंत्र चालू आहे म्हणजे तेथे इंजिनवाला आहे, मिस्त्री आहे, दहा माणसे आहेत, असा अर्थ निश्चित होता. देखरेखीचा नियम कोणी लिहिला नव्हता. तो त्या शाफ्टमध्येच होता.

विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत प्रत्येक यंत्राला स्वतंत्र विजेची मोटार बसू लागली. पट्ट्यांचे जंजाळ गेले, प्रकाश आला, जागा मोकळी झाली, आणि उघड्या पट्ट्यांचे पुष्कळ अपघात टळले. हा लाभ फार मोठा आहे. पण त्याबरोबर दुसरीही एक गोष्ट झाली. आता एका माणसाने एक खटका दाबला की एक यंत्र चालू होऊ लागले, दिवस असो की मध्यरात्र, जवळ कोणी असो वा नसो. जी राखण शाफ्ट करीत होता, ती आता माणसाने मुद्दाम करावी लागणार होती. ती त्याने केली नाही तर तिची उणीव अपघात होईपर्यंत दिसणारही नव्हती.

लेथच्या स्वभावाविषयी दोन शब्द येथे सांगितले पाहिजेत, कारण पुष्कळ श्रोत्यांनी तो जवळून पाहिला नसेल. लेथमध्ये ज्या तुकड्यावर काम करावयाचे तो चक नावाच्या पकडीत घट्ट धरून वेगाने फिरवतात आणि त्याला हत्यार लावून हवा तसा कातून काढतात. हा चक जड असतो. खटका बंद केल्यावरही, त्याला ब्रेक नसेल तर, तो काही वेळ आपल्याच वेगाने फिरत राहतो. केसांची बट, ओढणीचे टोक, बाहीची किनार, गळ्यातल्या साखळीतला क्रूस अगर ताईत त्यात अडकला, तर माणूस आपला हात मागे घेईपर्यंत यंत्राने त्याला ओढलेले असते. म्हणून लेथवर हातमोजेही घालू देत नाहीत. मोजा हाताचे रक्षण करण्याऐवजी हातालाच आत नेतो. चक आवळण्याची एक किल्ली असते. ती चकमध्येच विसरून यंत्र चालू केले तर ती गोळीसारखी उडते. म्हणून जुने मिस्त्री पहिल्याच दिवशी बजावतात की, किल्ली चकमध्ये असेतोवर हात किल्लीवरून काढावयाचा नाही. आपल्याकडे वीज वारंवार जाते, तीतूनही एक धोका संभवतो. यंत्राला साधा खटका असेल, तर वीज परत येताच ते आपोआप फिरू लागते, आणि तोवर विद्यार्थ्याने आत हात घातलेला असू शकतो. वीज गेली की स्वतःहून सुटणारा आणि पुन्हा दाबल्यावाचून चालू न होणारा स्टार्टर यासाठीच बसवतात.

अशा यंत्रापाशी कोणी जावे, याविषयी आपल्या कायद्याने काय म्हटले होते ते पाहण्यासारखे आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २३ व्या कलमात असे सांगितले होते की, सरकारने धोक्याची म्हणून ठरवलेल्या यंत्रावर अल्पवयीन कामगाराला काम करू देण्यापूर्वी त्या यंत्राचे धोके आणि घ्यावयाची खबरदारी त्याला पूर्णपणे समजावून दिलेली असली पाहिजे. त्याखेरीज, एक तर त्याला त्या यंत्राचे पुरेसे शिक्षण मिळालेले असावे, किंवा त्या यंत्राची संपूर्ण माहिती आणि अनुभव असलेल्या माणसाची त्याच्यावर पुरेशी देखरेख असावी. या वाक्यातल्या ‘किंवा’ या शब्दाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. मॉस्को आणि वूस्टर यांच्या दोन वाटा या एका शब्दाने शेजारी शेजारी ठेवल्या, आणि कोणतीही एक चालेल असे म्हटले.

विद्यार्थ्याच्या वाट्याला तर तो ‘किंवा’ही खात्रीने आला नाही. हा कायदा कामगारासाठी होता, आणि विद्यार्थी कामगार नव्हे. त्याच कायद्याच्या ८६ व्या कलमाने शिक्षण, प्रशिक्षण अगर संशोधन यांसाठी चालवलेल्या सार्वजनिक संस्थांच्या कर्मशाळांना, योग्य वाटतील त्या अटी घालून, कायद्याच्या सर्व अगर काही तरतुदींतून सूट देण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला होता. पुढे १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. कारखान्यात शिकणाऱ्या उमेदवाराला आरोग्य आणि सुरक्षितता यांच्या बाबतीत कामगारासारखेच समजावे, असे त्या कायद्याने ठरवले. तेव्हा एकाच वयाचे दोन तरुण, एकाच जातीच्या लेथपुढे उभे. कारखान्यातल्या उमेदवाराच्या पाठीशी कायदा उभा, आणि महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याच्या पाठीशी प्रामुख्याने त्याच्या शिक्षकांची सद्सद्विवेकबुद्धी उभी. शिक्षकाचे काम किती जड आहे, हे मला यावरून फार तीव्रतेने जाणवते.

हा कायद्यातला फरक केवळ आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १३ एप्रिल २०११ रोजी पहाटेपूर्वी रसायनशाळेच्या तळघरातल्या कर्मशाळेत एका बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. ती भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी होती, तिची पदवी अवघ्या काही आठवड्यांवर आली होती, आणि यंत्रावर ती नवखी नव्हती. रात्री ती लेथवर एकटी काम करीत असता तिचे केस यंत्रात ओढले गेले. जवळ यंत्र थांबवणारे कोणी नव्हते. कामगारांच्या सुरक्षिततेची देखरेख करणाऱ्या संघराज्याच्या खात्याने चौकशी करून विद्यापीठाला पत्र लिहिले, आणि त्या लेथला आवश्यक ते संरक्षक कठडे नव्हते, तातडीने थांबवण्याची सोय नव्हती, असे दोष त्यात दाखवले. विद्यापीठाने ते निष्कर्ष मान्य केले नाहीत. मृत मुलगी कामगार नसून विद्यार्थिनी होती, म्हणून त्या खात्याला दंड करण्याचा अधिकारही पोहोचत नव्हता. मात्र अपघाताच्या दिवशीच विद्यापीठाच्या अध्यक्षांनी जाहीर केले की, विद्यार्थी जेथे यंत्रे चालवतात त्या सर्व जागांची तपासणी होईल, आणि ती पुरी होईपर्यंत त्या जागांचे तास मर्यादित राहतील व तेथे सदैव देखरेखीचा माणूस हजर राहील.

पाहा, शाफ्ट थांबल्यावर जी राखण कर्मशाळेतून नाहीशी झाली होती, ती एका तरुण जिवाच्या मोलाने पुन्हा लिहून काढावी लागली. त्या रात्री शिक्षण होते, पण देखरेख नव्हती. ‘किंवा’ या शब्दाचे अपुरेपण यापेक्षा अधिक स्पष्टपणे कोणत्या शब्दकोशात सापडेल?

अलीकडे या प्रश्नाला विजेच्या मदतीने नवी उत्तरे शोधली जात आहेत. काही विद्यापीठांत यंत्राच्या वीजपुरवठ्यातच कार्ड वाचणारी पेटी बसवतात. ज्या विद्यार्थ्याने त्या विशिष्ट यंत्राचा धडा पुरा करून परीक्षा दिली असेल, त्याचेच कार्ड त्या यंत्राला चालू करते. दुसऱ्याने कितीही खटके दाबले तरी यंत्र मुके राहते. देला-वोस यांनी धड्यांच्या पायऱ्यांनी जे साधले होते, तेच या पेटीने तारांच्या जोडणीत बसवले आहे. ही युक्ती मला चांगली वाटते. पण तिचे सामर्थ्य कोठे संपते हेही ओळखले पाहिजे. कार्ड कोणाचे हे पेटीला कळते. ते हाती धरणारा कोण आहे हे कळत नाही. तो रात्रभर जागला आहे का, त्याची बाही दुमडलेली आहे का, मित्राला उपकार म्हणून त्याने आपले कार्ड दिले आहे का, यांतले पेटीला काहीच दिसत नाही. पेटी शिक्षणाची साक्ष देते; देखरेख करीत नाही. म्हणून अनेक ठिकाणी कार्डाबरोबरच एकट्याने काम करावयाचे नाही, दोघे असल्यावाचून यंत्र चालू करावयाचे नाही, असाही नियम असतो. दुसऱ्या माणसाला फार काही यावे लागत नाही. तांबडे बटण कोठे आहे आणि ते केव्हा दाबावे, एवढे त्याला कळले तरी पुरे.

हा प्रश्न आता महाविद्यालयांपुरताही राहिलेला नाही. २०१६ साली नीती आयोगाच्या पुढाकाराने शाळांतून अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना सुरू झाली आणि सहावीपासून बारावीपर्यंतच्या मुलांच्या हाती त्रिमितीय छपाईची यंत्रे, सोल्डरची हत्यारे आणि विजेची उपकरणे आली. लेथच्या मानाने ही साधने सौम्य आहेत. तरी तापलेल्या टोकाला आणि फिरत्या पात्याला वय कळत नाही. आम्हां शाळामास्तरांपुढे जो मोह उभा राहतो तो निष्काळजीपणाचा क्वचितच असतो. तो बहुधा उलट्या बाजूचा असतो. काही बिघडू नये, कोणाला इजा होऊ नये, हिशेबात सामान पुरे भरावे, म्हणून कपाटाला कुलूप लावून ठेवावे आणि तपासणीच्या दिवशी यंत्रे पुसून मांडावी. मुलांना यंत्र दुरून दाखवले की आपले कर्तव्य झाले असे मानावे. अशा शाळेत कोणाचे बोट कापत नाही हे खरे. पण तेथून एखादा लक्ष्मणराव बाहेर पडण्याची वाटही बंद होते. ज्या मुलाने शाळेत यंत्राला कधी हात लावला नाही, तो उद्या कारखान्यात पहिल्यांदा लावील, आणि तेथले यंत्र त्याची गय करणार नाही.

तेव्हा शिक्षण की देखरेख, हा प्रश्न चुकीचा मांडला जातो, असे मला या सगळ्या इतिहासावरून वाटते. कुलूप घालणे सोपे आहे, आणि किल्ली फेकून देऊन दार सताड उघडे टाकणेही सोपे आहे. कठीण आहे ते दार ठरलेल्या वेळी उघडणे, मुलाला पायरीपायरीने आत घेणे, आणि तो आत असेतोवर स्वतः तेथे उभे राहणे. त्यासाठी माणूस नेमावा लागतो आणि त्याला पगार द्यावा लागतो. त्याला ‘थांब’ म्हणण्याचा अधिकारही द्यावा लागतो, मग समोर विद्यार्थी असो की प्राध्यापक. महाविद्यालयांच्या अंदाजपत्रकात नव्या यंत्रासाठी रक्कम निघते, आणि त्या यंत्रापाशी उभ्या राहणाऱ्या मिस्त्रीची जागा मात्र वर्षानुवर्षे रिकामी राहते, असे जेथे घडते तेथे कुलूप कितीही भारी असले तरी ते विद्यार्थ्याचे रक्षण करीत नसते. ते फक्त यंत्राचे रक्षण करीत असते.

लोहाराचा मुलगा भात्यापाशी बसत होता तेव्हा त्याला शिकवणारे आणि सांभाळणारे हात एकच होते. त्या हातांची जोडी पुन्हा जुळवणे, हाच कर्मशाळेच्या दीडशे वर्षांच्या नियमांचा मथितार्थ आहे. कायद्याच्या त्या वाक्यातला ‘किंवा’ खोडून तेथे ‘आणि’ लिहिण्याचा अधिकार आपल्याला नसेल. परंतु आपापल्या कर्मशाळेच्या फलकावर तो शब्द लिहिण्यास कोणी अडवलेले नाही.